वाघझऱ्यापर्यंत गार राहिलेली छागल

मित्रांनो, नाशिकच्या एका दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी एक खुंटी आहे. त्या खुंटीला जाड, मातकट कापडाची एक पिशवी टांगलेली दिसेल. तिच्या पोटाला एक गाठ आहे आणि खालच्या कोपऱ्याला ठिगळ आहे. ती पिशवी म्हणजे मी. मला छागल म्हणतात.

तुमच्यापैकी कुणी छागल पाहिली नसेल, तर असं समजा की मी कापडाचा माठ आहे. माझ्यात पाणी भरलं की माझं कापड फुगतं आणि ओलं होतं. वारा लागला की तो ओलावा वाळत राहतो आणि आतलं पाणी गार होत जातं. ऊन जितकं कडक, वारा जितका कोरडा, तितकं माझं काम चोख. हे मी फुशारकीनं सांगत नाही. खरं सांगायचं तर थोडी फुशारकी आहेच, पण माझी गोष्ट ऐकल्यावर तुम्ही ती माफ कराल.

माझा जन्म देवळाली कॅम्पातला, एकोणीसशे एकतीस सालचा. तिथे निजाम नावाच्या कारागिराचं दुकान होतं. तोफखान्याच्या घोड्यांची खोगिरं, तंबूंच्या कनाती, कातड्याचे पट्टे, सगळं तो दुरुस्त करी. कापडाची शिलाई मात्र त्याची बायको खुर्शीदा करी. तिचा टाका इतका बारीक आणि घट्ट असे की त्यातून पाण्याला वाट मिळत नसे. एका गोऱ्या शिपायाच्या मागणीवरून तिनं मला शिवलं, पण माझं तोंड नेहमीच्या छागलीपेक्षा बरंच रुंद ठेवलं. शिपायानं मला तोंडाला लावलं तेव्हा निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. तो मला टाकून निघून गेला.

"इतकं मोठं तोंड कशाला ठेवलंस?" निजाम चिडून म्हणाला.

खुर्शीदानं सुईत दोरा ओवता ओवता उत्तर दिलं, "आत हात घालून धुता यावं म्हणून. अरुंद तोंडाची छागल आतून कुजते आणि कुणाला कळतही नाही."

त्यानंतर कित्येक महिने मी दुकानाच्या दारात टांगलेली होते. घोडे येत, जात. मला कुणी विचारत नसे. शेवटी कादर नावाचा एक उंच, सडपातळ माणूस आला आणि मला घेऊन गेला.

कादरभाई देवी टोचण्याचं काम करत. देवीचा रोग फार भयंकर. अंगभर फोड येतात, ताप चढतो, कित्येक मुलं दगावतात आणि जी वाचतात त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहतात. त्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे लस. कादरभाई गावोगाव, पाड्यापाड्यांवर पायी फिरत आणि मुलांच्या दंडावर लस टोचत. आठवड्याभरात तिथे एकच फोड आला, म्हणजे लस लागली. तो फोड आला की त्या मुलाला देवीची भीती राहत नसे. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत.

ही लस रेल्वेनं लांबून यायची, काडीसारख्या बारीक काचेच्या नळ्यांमधून. गारव्यात ती जिवंत राहते, उष्णतेत मरते. आणि मित्रांनो, मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लशीसारखीच असते.

एकोणीसशे बत्तीसच्या उन्हाळ्यात कादरभाई मला घेऊन वाघझरा पाड्यावर निघाले. हा पाडा पेठच्या बाजूला, डोंगराच्या पार आत, जंगलात आहे. आम्ही डोंगराच्या उघड्या सोंडेवरून चढलो, कारण ती वाट सरळ होती. माझ्यात कादरभाईंचं प्यायचं पाणी होतं. लशीच्या नळ्या पत्र्याच्या डब्यात होत्या आणि तो डबा ओझं वाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर होता. दिवसभर तो पत्रा उन्हात तापत होता. माझ्या पोटात गारेगार पाणी हिंदकळत होतं आणि माझ्यापासून दोन हातांवर लस मरत होती. हे मला तेव्हा कळलं नाही. कादरभाईंनाही कळलं नाही. त्यांनी पाड्यावरच्या सगळ्या मुलांना मन लावून टोचलं आणि "आता काळजी नको" असं सांगून ते परतले.

पावसाआधीच वाघझऱ्यात देवी आल्या. सात मुलं गेली.

ही बातमी कादरभाईंना पुढच्या वर्षी कळली, तीही एका बाईच्या तोंडून. डोंगराच्या पायथ्याशी आंबेदरा नावाचं गाव आहे. तिथल्या चावडीत कादरभाईंचा मुक्काम होता. चैत्र सरत आला होता. सकाळच्या वेळी एक म्हातारी चावडीच्या पायरीशी येऊन बसली. काटक, काळीसावळी, अनवाणी. तिचं नाव भागीबाई. डोंगरात लहानथोर सगळ्यांनाच अरेतुरे करतात, तशी तीही करे.

"मला वळखलंस का डाक्तर? मी वाघझऱ्याची. माझ्या नातीला तू टोचलं व्हतंस."

"कशी आहे नात?" कादरभाईंनी विचारलं.

"गेली. देवीनं गेली."

कादरभाईंच्या हातातली वही तशीच राहिली. भागीबाई रडली नाही, ओरडली नाही. ती जमिनीकडे बघत सावकाश बोलू लागली.

"खालच्या पाड्यावर तू टोचलंस, तिथं समद्या पोरांना फोड आला. एक पोर गेलं नाय. आमच्याकडं एकालाबी फोड आला नाय. माणूस तोच, सुई तीच. मंग वाटेत काय झालं रं? मी वरीसभर इचार केला. तूच सांग."

कादरभाई उठले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला. सकाळीच तो कोमट झाला होता.

"ऊन लागलं, मावशी," ते हळूच म्हणाले. "खालचा पाडा सकाळी झाला होता. तुमच्याकडे पोचेपर्यंत लस मेली असणार. मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

"आता पलीकडच्या डोंगरात पुन्हा देवी आल्यात," भागीबाई म्हणाली. "आमच्याकडं चार-आठ दिसांत येतील. चल. पर ऊन लागू द्यायचं नाय."

कसं न्यायचं, हा प्रश्न होता. कादरभाई चावडीत येरझाऱ्या घालू लागले. खुंटीवर मी टांगलेली होते, माझ्या अंगावरून थेंब ओघळत होते. चालता चालता त्यांचा खांदा मला लागला आणि सदरा ओला झाला. ते थांबले. त्यांनी माझ्या तोंडातून आत हात घातला आणि तसाच ठेवला.

त्यांनी शेजारच्या घरातून थोडं लोणी मागून आणलं. त्याचे दोन सारखे गोळे केले. एक पत्र्याच्या डब्यात ठेवला. दुसरा पितळेच्या एका नळीत घालून, झाकण मेणानं बंद करून, दोरीनं माझ्या पाण्यात सोडला. शिपायानं नाकारलेल्या माझ्या रुंद तोंडातून ती नळी अलगद आत गेली. मग मला आणि डब्याला चावडीबाहेर वाऱ्यावर ठेवलं. दुपारी उघडून पाहिलं, तर डब्यातल्या लोण्याचं तूप व्हायचंच बाकी होतं. माझ्यातला गोळा बोटानं दाबला तरी दबत नव्हता.

भागीबाईनं दोन्ही गोळ्यांना बोट लावून पाहिलं. "ही पिशवी चांगली हाय," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पुढे बरीच शाबासकी मिळाली. पण ती पहिली.

दुसऱ्या दिवशी फटफटताच आम्ही निघालो. या वेळी सोंडेची वाट नाही. भागीबाईनं ओहळाची वाट धरली. ही वाट लांबची आणि अवघड, पण दोन्ही बाजूंना डोंगराच्या उंच भिंती असल्यामुळे तिथे ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं. पितळेच्या नळीत आता लशीच्या काचनळ्या होत्या. मी कादरभाईंच्या खांद्यावर होते.

सुरुवातीची वाट फार सुंदर होती. ओहळ बारीक होता, पण वाहता होता. काठानं जांभळीची आणि उंबराची झाडं होती. दगड उचलला की खेकडे तिरपे पळत. वाट कधी या काठानं जाई, कधी पाण्यातल्या धोंड्यांवरून त्या काठाला. प्रत्येक डोहाशी भागीबाई थांबे आणि मला बाहेरून पाण्यात बुचकळून काढी. "गार हो गं बाई," असं ती मलाच म्हणायची. एके ठिकाणी ओल्या वाळूत बिबट्याचे ताजे ठसे दिसले. कादरभाई जागच्या जागी थबकले.

"तो त्याच्या कामाला गेलाय," भागीबाई म्हणाली. "आपण आपल्या कामाला जाऊ."

दुपारच्या आत आम्ही एका उभ्या कातळाशी आलो. पावसाळ्यात तिथून मोठा धबधबा पडतो. आता कातळावर फक्त काळा ओला पट्टा होता. झाडांच्या मुळ्या धरून वर चढायचं होतं. भागीबाई खारीसारखी चढून गेली. कादरभाई निम्म्यावर होते तेव्हा त्यांचा पाय शेवाळावरून सटकला. ते चार हात घसरले. पडताना त्यांनी मला पोटाशी धरलं, त्यामुळे त्यांचं कोपर सोलवटलं. मला मात्र खडकाची एक धार लागलीच. माझ्या पोटाला बोटभर चीर पडली आणि पाणी भळभळ वाहू लागलं.

मला तेव्हा फार भीती वाटली. दुखण्याची नव्हे. पाणी गेलं तर मी नुसतं एक फडकं होते.

भागीबाई सरसर खाली उतरली. तिनं एक वाटोळा खडा उचलला, माझ्या तोंडातून आत घातला आणि चिरेच्या जागी आणला. मग बाहेरून कापड त्या खड्याभोवती गोळा केलं, लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली आणि गाठोड्याची मान आवळावी तशी घट्ट आवळली. गळती थेंबांवर आली. कादरभाईंनी नळी काढून पाहिली. मेण शाबूत होतं, आतल्या काचा शाबूत होत्या. खालच्या डोहातून मला पुन्हा भरलं आणि या वेळी भागीबाईनं मला आपल्या पाठीशी बांधलं. तीच मला घेऊन वर चढली.

कातळाच्या वर ओहळ कोरडा होता. तिथून पुढे नुसते पांढरे दगड आणि वाळू. साग पानं गाळून उभे होते, त्यांना सावली नव्हती. गाठीतून ठिबकत ठिबकत माझं पाणी निम्म्यावर आलं. कादरभाईंचे ओठ सुकून फुटले होते. दोनदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोनदा मान फिरवली.

"पी की," भागीबाई म्हणाली. "पाणी तर हाय."

"ते लशीचं आहे."

भागीबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग ती पुढे गेली. एका वळणावर जांभळीचं एकच हिरवं झाड होतं. तिथे ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. हातभर खोल गेल्यावर वाळू ओली झाली, आणखी वीतभर गेल्यावर खळग्यात पाणी झिरपू लागलं. पहिलं गढूळ पाणी तिनं फेकलं. मग पानाच्या द्रोणानं निवळ पाणी माझ्यात भरलं. मी तुडुंब झाल्यावर तिनं द्रोण कादरभाईंपुढे धरला. "आता पी, लेका."

दिवस कलताना आम्ही वाघझऱ्याला पोचलो. दहा-बारा कुडाची घरं, मध्ये मोहाचं झाड. आम्हाला बघताच आयांनी मुलांना आत ओढलं. पाड्याचा कारभारी बुधा पुढे आला. त्याचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता.

"परत जा, डाक्तर," तो म्हणाला. "तुझ्या सुईनं काय झालं, ते आमी पायलं."

कादरभाई दमलेले होते, तरी खाली बसले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"तुमचं खरं आहे. गेल्या साली मी मेलेली लस टोचली. उन्हानं ती मेली होती आणि मी बघितलं नाही. ती चूक माझी. आज लस गार पाण्यातून आणली आहे. हात घालून बघा. टोचल्यावर मी जाणार नाही, फोड येईपर्यंत इथेच राहीन. नाही आला, तर तुम्ही सांगाल ते ऐकेन."

बुधाला हे उत्तर अपेक्षित नसावं. तो पुढे आला, माझ्या तोंडातून हात घातला आणि दचकून बाहेर काढला. "गार हाय," तो पुटपुटला.

"ह्याचं ओठ बघ," भागीबाई म्हणाली. "दिवसभर गार पाणी खांद्यावर घेऊन चालला, पर थेंब प्याला नाय. मी आणलाय त्याला. माझी नात गेली, तरी मीच आणलाय."

मग एका घरातून भागीबाईची सून झुंबरबाई बाहेर आली. गेल्या साली तिचीच मुलगी गेली होती. आता तिच्या कडेवर सहा महिन्यांचं दुसरं बाळ होतं. ती कादरभाईंसमोर येऊन उभी राहिली. तिनं बाळाचा दंड पुढे केला.

"टोच," ती म्हणाली. "पर माझ्याकडं बघून टोच."

कादरभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि टोचलं. उजेड होता तोवर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून एकतीस मुलांना टोचून झालं. बुधानं आपली तिन्ही नातवंडं आणली. "मला नको," तो म्हणाला. "माझी देवीशी जुनी वळख हाय."

त्यानंतरचे दिवस फार सावकाश गेले. कादरभाई मोहाखाली राहत. उरलेल्या लशीची एक नळी माझ्यात होती, म्हणून ते रोज झऱ्यावर जाऊन माझं पाणी बदलत. तीन दिवस काहीच दिसलं नाही. बायका पुन्हा कुजबुजू लागल्या. चौथ्या दिवशी कादरभाई जेवले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी झुंबरबाई धावतच आली. बाळाच्या दंडावर डाळीएवढा लाल फुगवटा आला होता.

"आला!" ती म्हणाली आणि तिथेच बसून रडू लागली. कादरभाईंनी तोंड फिरवलं आणि माझ्यातलं पाणी तोंडावर मारलं. ते पाणी होतं की आणखी काही, हे मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

आठव्या दिवशी एकोणतीस दंडांवर टपोरे फोड होते. राहिलेल्या दोघांना माझ्यातल्या शेवटच्या नळीतून पुन्हा टोचलं. त्यांनाही फोड आले. महिन्याभरात देवी वाघझऱ्याच्या आसपास आल्या, शेजारच्या डोंगरात फिरल्या. वाघझऱ्यातलं एकही मूल गेलं नाही. हे सांगायला भागीबाई मुद्दाम आंबेदऱ्याला आली होती. येताना तिनं कादरभाईंसाठी मोहाची फुलं आणि नाचणीच्या भाकरी आणल्या होत्या.

त्यानंतर चार उन्हाळे मी कादरभाईंबरोबर ओहळाओहळानं हिंडले. माझी गाठ तशीच राहिली. कुणी म्हणालं की नवीन घ्या, तर ते म्हणत, "ही तयार झालेली आहे." काम करून आल्यावर ते मला आतून धूत, उलटी करून सावलीत टांगत आणि पूर्ण वाळल्यावरच घडी घालत.

मग त्यांची बदली खानदेशात झाली. पुढच्या माणसाला लागेल म्हणून मला त्यांनी नाशिकच्या या दवाखान्यातच ठेवलं. त्यांच्या जागी गोटीराम नावाचा तरुण माणूस आला. त्याच्याकडे नवा, चकचकीत थर्मास होता. तो माणूस वाईट नव्हता, त्याला माझी गरज नव्हती इतकंच. एकदा त्यानं मला हातपाय धुवायचं पाणी भरून नेलं आणि परत आल्यावर ओलीच गुंडाळून कपाटात कोंबलं. दोन वर्षं मी तिथे होते. माझ्या एका कोपऱ्याला बुरशी आली. कापड हळूहळू भुसभुशीत होत गेलं. अंधारात, स्वतःच्याच ओलीत कुजणं फार वाईट असतं, मित्रांनो. ज्या पाण्यानं मी लस वाचवली, तेच पाणी मला खात होतं.

यंदा, म्हणजे एकोणीसशे एकोणचाळीसच्या वैशाखात, प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीच्या एका धक्क्यानं गोटीरामचा थर्मास आतून फुटला. लस दुसऱ्या दिवशी सुरगाण्याकडे न्यायची होती. त्यानं सगळं कपाट उपसलं, तेव्हा तळाशी मी सापडले. त्यानं घाईघाईनं पाणी भरलं. कुजलेल्या कोपऱ्यातून ते सगळं वाहून गेलं. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता आपण उकिरड्यावर.

पण गोटीराम खाली बसला. त्यानं मला आतून बाहेरून घासलं, कुजका कोपरा कापला, जाड कापडाचं दुहेरी ठिगळ लावलं आणि शिवणीवर मेण चोळलं. त्याचा टाका खुर्शीदासारखा नव्हता, वाकडातिकडा होता. पाणी भरलं, एक थेंब ओघळला, दुसरा ओघळला आणि मग कापड फुगलं. गळती थांबली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर होते. त्या फेरीतल्या एकूण एक मुलाला लस लागली. परत आल्यावर त्यानं मला धुतलं, वाळवलं आणि या खुंटीवर टांगलं. तेव्हापासून हीच माझी जागा.

मित्रांनो, मी काही मोठी वस्तू नाही. पण माझ्या पोटातून जे गेलं, ते फार मोलाचं होतं. तेव्हा माझ्यासारख्या साध्या वस्तू तुमच्या घरी असतील, तर त्यांना काम झाल्यावर कोपऱ्यात फेकू नका. धुवा, वाळवा, वारा लागेल अशा ठिकाणी टांगा. फाटलं तर ठिगळ लावा, वाकडंतिकडं असलं तरी चालेल. आणि कधी तुमच्या हातून चूक झाली, तर भागीबाईसारखा एक प्रश्न स्वतःला विचारा की, वाटेत काय झालं? उत्तर मिळेल. मग उठून पुन्हा चालू लागा.

माझी घडी घालू नका. पुढच्या फेरीला फार दिवस नाहीत.